बारा चाव्यांचा जुडगा

शेजारच्या भावोजींवर मी देवळात नारळ ठेवला, याचा मला अजून पुरता पश्चात्ताप झालेला नाही. थोडा झाला. व्हायला हवा होता तेवढा झाला, असं आमचे हे म्हणतात. पण ह्यांना माझ्याबद्दल पहिल्यापासून जरा जास्तच चांगलं वाटत आलंय.

भावोजी म्हणजे ह्यांचे चुलत भाऊ, ह्यांच्याहून सहा वर्षांनी धाकटे. आमच्या नि त्यांच्या घरामध्ये जांभ्याचे चिरे रचलेला एक बुटका गडगा आणि एक अरुंद पाणंद. सगळी नोकरी त्यांनी मुंबईत काढली. घर वर्षातले साडेअकरा महिने बंद, आणि चावी माझ्याकडे. त्यांचीच कशाला, आमच्या वाडीतली अर्धीअधिक घरं बंद असतात. मुंबईला निघताना माणसं कुलूप लावतात, गडग्यावरून हाक मारतात आणि चावी माझ्या हातात ठेवतात. मी शाळेत बाई होते, त्यामुळे सगळ्या वाडीची बाई झाले. बाईकडे चावी म्हणजे बँकेत ठेवल्यासारखी, असं लोक म्हणायचे. गणपतीच्या आठवडाभर आधी मी एकेक घर उघडायची, कोळिष्टकं काढायची, उंदरांनी काय खाल्लं ते बघून फोन करायची. फुकट. हौसेनं.

अशा अकरा घरांच्या चाव्या. हरवू नयेत म्हणून मी त्या आमच्या गाडीच्या चावीत ओवल्या होत्या, कारण गाडीची चावी हरवणं मला परवडण्यासारखं नव्हतं. ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला आता पाच वर्षं होतील. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चिपळूणला डायलिसिस. सकाळी आठची पाळी. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं, ते पाणी छातीत चढतं, आणि मग काय होतं ते डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

गाडी जुनी. ह्यांनी कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या कॉलनीत नोकरी केली, तिथले एक साहेब बदली होऊन गेले तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. मी वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी गाडी शिकले ती त्याच कॉलनीतल्या रस्त्यांवर. क्वार्टर्स रिकाम्या पडलेल्या, रस्ते सरळ, आडवं यायला फक्त गुरं. हे शेजारी बसून नुसते क्लच, क्लच म्हणायचे. तेव्हा ती ह्यांची हौस होती. पुढे तीच गाडी ह्यांचा श्वास झाली.

आता हंडा.

दोन वर्षांपूर्वी भावोजी रिटायर होऊन कायमचे गावी आले. घर उघडून बसले आणि आठवड्याभरात त्यांना कळलं की त्यांच्या आईचा तांब्याचा हंडा घरात नाही. मला विचारायला यायचं होतं. गडगा ओलांडला की माझं दार. पण नाही. त्याच वर्षी शिमग्याआधी देवळात बैठक बसली, पालखीचं सगळं ठरवून झालं, माणसं उठायच्या बेतात, तेव्हा भावोजी उभे राहिले आणि म्हणाले, "कुलूप मोडलेलं नाय. दार मोडलेलं नाय. हंडा मात्र गेला. चावी कोणाकडे होती ते तुम्हा सगळ्यांना ठावं हाय."

माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तिथल्या तिथे त्यांची खरडपट्टी काढली असती. नाव न घेता केलेल्या आरोपाला उत्तर द्यायला गेलं की माणूस आपणहून चोर ठरतो. पस्तीस वर्षं ज्यांच्या पोरांना मी पाढे शिकवले त्या सगळ्यांनी खाली बघितलं. मी घरी आले, चूल पेटवली आणि दूध उतू गेलं तरी बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप पाठवला, आमची दुसरी चावी परत द्या. मी निरोप पाठवला, हरवली. हरवली कसली! ती माझ्या जुडग्यातच होती, पितळेची, बोटाएवढी लांब, सगळ्यांत जड. त्यांना चिपळुणाहून नवीन कुलूप आणावं लागलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कुलूप बदललं, तरी मी ती चावी काढली नाही. गाडी चालवताना ती गुडघ्याला लागायची आणि दर वळणावर मला आठवण करून द्यायची. मला ती आठवण हवीच होती. माझं माहेर मंडणगडच्या डोंगरातलं. आमच्याकडे राग विसरणाऱ्या माणसाला विसराळू म्हणतात, साधू नाही.

पावसाळ्यानंतर गाडी नखरे करायला लागली. चालता चालता समोरचे दिवे लुकलुकायचे, इंजिन गप्प. गाडी कडेला घ्यायची, चावी फिरवायची. कधी सुरू व्हायची, कधी दहा वेळा फिरवूनही नुसती टकटक. चिपळूणच्या गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली. महिन्यानं परत तेच. मग त्यानं स्टार्टर उतरवून साफ केला. परत तेच.

आणि एका सकाळी मी तुळशीला पाणी घालताना बघते तर भावोजी पाणंदीत आमच्या गाडीपाशी वाकलेले. मला बघून सरळ झाले, हात झटकले आणि निघून गेले. जाऊन बघितलं तर मागच्या चाकाला एक मोठा चिरा लावलेला. म्हणजे मी गाडी काढायला जावं आणि अडकावी! मी तो चिरा उचलून गडग्यापलीकडे त्यांच्या परड्यात फेकला, चांगला आवाज होईल असा. त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं जुळलं. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. हा माणूस माझ्या गाडीला हात लावतोय.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, त्याला सायकलची चेन बसवता येत नाही, तो गाडी काय बिघडवणार. ह्यांचं म्हणणं मी कानाआड केलं.

पौषातल्या एका शुक्रवारी गाडी सुरूच झाली नाही. सव्वासात वाजले होते. हे पुढे बसलेले, मांडीवर डब्याची पिशवी, पाय बुटात मावेनात इतके सुजलेले. मी चावी फिरवतेय, फिरवतेय, दिवेसुद्धा लागेनात. वाडीत रिक्षा एक, ती सकाळीच भाडं घेऊन गेलेली. तेवढ्यात भावोजी आले. अंगात बनियन, हातात त्यांच्या गाडीची चावी. त्यांची गाडी मोठी, पाणंदीत शिरत नाही, वर रस्त्याला उभी असते. म्हणाले, वहिनी, गाडी वर लावलेली आहे, दादाला धरून नेऊ.

मी म्हणाले, "तुमच्या गाडीत बसण्यापेक्षा आम्ही इथेच मेलेलं बरं."

ह्यांच्या वतीनंही मीच बोलले. हे खिडकीतून नुसतं भावोजींकडे बघत राहिले. भावोजी चावी घेऊन परत गेले. रिक्षा मिळाली ती साडेदहाला. पाळी गेली होती. दवाखान्यातून सांगितलं, आज मशीन रिकामं नाही, उद्या बघू. शनिवारीही रिकामं झालं नाही. रविवारी सकाळी ह्यांना आडवं होता येईना, बसल्या जागी धाप लागायला लागली, ओठ काळे पडले. अँब्युलन्स आली. चार दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात उभं करून, शाळेत मी पोरांना झापायची तसं झापलं. मी सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकताना डोळ्यांसमोर एकच माणूस होता, बनियनवरचा.

हे घरी आले त्याच दिवशी मी देवळात गेले.

आमच्याकडे माणूस कोर्टात जाण्याआधी देवळात जातो. ग्रामदेवीपुढे नारळ ठेवायचा, गुरवानं गाऱ्हाणं घालायचं आणि न्याय तिच्यावर सोपवायचा. नाव घ्यायची गरज नसते. देवीला कळतं, आणि गावालाही कळतं. एकदा ठेवलेला नारळ ज्यानं ठेवला त्यानंच उचलायचा, आणि ज्याच्यावर ठेवला तो समोर उभा असताना. तोवर तो तिथंच राहतो. शाळेत मी पोरांना विज्ञान शिकवलं, हे मला ठाऊक आहे. पण ह्यांचे काळे ओठ मी बघितले होते.

गुरवानं विचारलं काय घालू गाऱ्हाणं, तेव्हा मी शब्द तयार करूनच गेले होते. "आई, ज्याच्या हातानं माझी गाडी बंद पडली, ज्याच्यापायी माझ्या घरधन्याचा जीव टांगणीला लागला, त्याला अन्न गोड लागू देऊ नको." गुरवानं एकदा माझ्याकडे बघितलं. मग शब्द न् शब्द तसाच म्हटला.

पुढचे दिवस मी गडग्यावरून पाळत ठेवली. भावोजींना अन्न जातंय का. जात होतं! मासळीवाला मोटारसायकलवरून आला की ते बांगडे निवडून निवडून घ्यायचे. संध्याकाळी ओटीवर बसून चहात खारी बुडवायचे. माझाच घास तोंडात फिरत होता. पण ह्यांच्या काळजीनं तसं होतंय असं मी धरून चालले.

ह्यांनीच मग अलोऱ्याच्या म्हाताऱ्या वायरमनला फोन केला. कॉलनीतल्या सगळ्या जीपगाड्यांची वायरिंग एके काळी तो बघायचा. आला स्कूटरवरून, पायात स्लीपर, पुढच्या हुकाला एक कापडी पिशवी. मी त्याला आधीच सांगितलं, कोणीतरी मुद्दाम काहीतरी केलंय, ते शोधून काढा, मला लेखी पाहिजे. तो बरं म्हणाला.

त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही. सरळ आत बसला आणि चावी मागितली. मी जुडगा दिला. त्यानं तो हातात घेतला, तळहातावर खालीवर केला.

"बाई, ही चावी हाय की होडीचा नांगर?"

मग चावी आत घालून फिरवली. समोरचे दिवे लागले. त्यानं एका बोटानं जुडग्याला टिचकी मारली. जुडगा हलला, दिवे गेले. परत टिचकी, दिवे आले. मी म्हटलं, परत करा. त्यानं परत केलं. पाच वेळा तरी करायला लावलं मी त्याला. ओटीवर खुर्चीत बसून हे बघत होते.

बॅटरीची एक तार काढून त्यानं बाजूला केली, मग स्टिअरिंगखाली डोकं घातलं. मी टॉर्च धरून उभी. खालचं प्लास्टिकचं झाकण तीन स्क्रूंचं. त्यातला एक निघेना, इतका गंजलेला. तेल सोडलं, थांबला, परत जोर लावला. झाकण निघालं तशी आत चावीच्या कुलपामागे काड्यापेटीएवढी एक काळी डबी दिसली, तिच्यात तारांचा झुबका घुसलेला. तो झुबका ओढून काढला, बारीक स्क्रू सोडला आणि ती डबी माझ्या हातावर ठेवली. इग्निशन स्विच. चावी फिरवली की हिच्यातूनच सगळ्या गाडीत करंट जातो. त्यानं पेचकसानं ती उघडून दाखवली. आतल्या तांब्याच्या पट्ट्या जळून काळ्या झालेल्या, एका बाजूचं प्लास्टिक वितळून वाहिलेलं. कुलूपसुद्धा ढिलं झालं होतं, चावी आत डुगडुगत होती. इतकी वर्षं एवढं वजन खाली लोंबतंय, खड्ड्यात गाडी आपटली की तेही आपटतंय. झिजणारच.

मी विचारलं, "पण कोणी हात घातला असेल ना यात?"

त्यानं तो गंजका स्क्रू मला दाखवला. "हा बघा. गाडी बनली त्या दिवसापासून ह्याला कोणी हात लावलेला नाय. हे तुमच्या चाव्यांनी केलंय."

नवीन डबी त्यानं पिशवीतून काढली, अंदाजानं घेऊनच आला होता. बसवली, झुबका दाबला, कट्ट असा आवाज आला. झाकण लावलं, बॅटरीची तार जोडली. मग जुडग्यातून गाडीची चावी एकटी सोडवून माझ्या हातात दिली. पहिल्या फेरीत गाडी सुरू झाली. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या वायरमनचाच राग आला, गाडी विकणाऱ्या त्या साहेबांचा आला, बॅटरी बदलणाऱ्या गॅरेजवाल्याचा तर फारच आला, आणि जी अकरा माणसं माझ्या गळ्यात चाव्या अडकवून मुंबईला गेली त्यांचाही आला. मी हे सगळं मोठ्यानं बोलत अंगणात फेऱ्या घालत होते. वायरमन चहा पिऊन निघून गेला.

हे शांतपणे म्हणाले, "गाडी तुझ्या हातानं बिघडली, चालायचंच. पण त्या दिवशी तो चावी घेऊन दारात उभा होता."

बस. एवढंच. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला इतकं लागेल असं काही ऐकवलेलं नाही. आणि गाऱ्हाण्यातले माझेच शब्द मला आठवले. ज्याच्या हातानं गाडी बंद पडली. ज्याच्यापायी जीव टांगणीला लागला.

दुपारी मी जुडग्यातून ती पितळेची चावी काढली आणि गडगा ओलांडला. भावोजी सुपारी कातरत बसले होते. मी चावी पुढे ठेवली. सापडली, म्हटलं. ते चावी उचलत म्हणाले, त्या दिवशी चिरा लावला तो गाडी घसरत होती म्हणून. तुमचा हँडब्रेक सैल आहे, तोही बघून घ्या. मी हो म्हटलं. जायला वळले, तर मागून म्हणाले, "वहिनी, तो हंडा सापडला. चिपळूणला बहिणीकडे होता. आई असतानाच बारशाला घेऊन गेली होती. सांगायचं राहिलं."

कधी सापडला, म्हणून विचारलं. दिवाळीत, म्हणाले.

दिवाळी होऊन अडीच महिने झाले होते. अडीच महिने हा माणूस बांगडे खात होता आणि मी गावात चोर होते. गेलेला राग असा परत आला की सुपारीचा अडकित्ताच उचलावासा वाटला. पण मी गोड आवाजात म्हटलं, भावोजी, मंगळवारी सकाळी देवळात या, मला नारळ उचलायचाय. रीत आहे, समोर उभं राहावं लागतं. माझा बेत ठरला होता. माणसं जमतील, गुरव विचारेल, आणि मी देवीसमोर ह्या माणसाच्या तोंडून हंडा वदवून घेईन.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, नारळ उचल, पण मंगळवारी मी त्याच्या गाडीनं जाणार. आपली गाडी सुरू आहे, म्हटलं. माहीत आहे, म्हणाले.

मंगळवारी सकाळी साडेसहाला देवळात वीसेक माणसं होती. बातमी पसरायला आमच्याकडे पेपर लागत नाही. हे बाहेर भावोजींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेले. भावोजी खांबाला टेकून, टोपी हातात. गुरवानं विचारलं, ज्याच्यावर ठेवला तो माणूस आलाय का?

सगळ्यांनी भावोजींकडे बघितलं. बैठकीत माझ्याकडे न बघता खाली बघितलं होतं ना, तीच माणसं. माझ्या जिभेवर हंडा तयार होता. आणि दारातून मला गाडीच्या काचेमागे ह्यांचं डोकं दिसलं, सीटला टेकलेलं, डोळे मिटलेले.

"आलाय," मी म्हणाले. "मीच आहे. माझ्याच हातानं झालं."

गुरव थबकला. असा नारळ त्यानं कधी उठवला नसावा. मग त्यानं गाऱ्हाणं घातलं, मी नारळ उचलला, आणि आम्ही निघालो, कारण आठची पाळी होती. हंड्याचं कोणी काही बोललं नाही. माझा बेत असा फुकट गेला.

चार तास मशीन चालतं. भावोजी तेवढ्या वेळात कुठेतरी जाऊन आले. परत आलो तेव्हा दुपार झालेली, गाडी वर रस्त्याला थांबली आणि त्यांनी मागचा दरवाजा उघडला. आत गोणपाटात गुंडाळलेला हंडा.

"तुम्हीच घेऊन चला, वहिनी," ते म्हणाले. "लोक बघू देत."

इतकं त्यांना सुचलं, हे मान्य करायला हवं. मी गोणपाट तिथेच टाकला आणि हंडा कमरेवर घेतला. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत सहा घरं. प्रत्येक अंगणाशी थांबले. भावोजींचा हंडा हो, बहिणीकडे होता, सापडला. परत पुढच्या अंगणाशी तेच. मुद्दाम हळू चालत होते. ज्यांनी खाली बघितलं होतं त्यांना नीट वर बघायला लावलं. एकीला तर मी हाक मारून बाहेर बोलावलं. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालंय.

दाराशी पोचून मागे वळले. हे पाणंदीच्या निम्म्यातच होते. डायलिसिस करून आलेल्या माणसाच्या पायांत त्राण नसतं. मी पुढे, आणि मी थांबेन तिथे हे उन्हात मागे थांबलेले, सहा वेळा. भावोजींनी ह्यांच्या काखेत हात घातला होता आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी होती.

मी हंडा पायरीवर ठेवला, मागे गेले आणि दुसऱ्या बाजूनं ह्यांना धरलं.